फ्रेंच घड्याळाची अब्रू

तीर्थस्वरूप दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तब्येत कशी आहे? वहिनींची पाठ आता वाकू देते का? दोन्ही मुलांचे दात कसे आहेत? (हे थोरल्या जावयांनी विचारायला सांगितलंय. त्यांना दुसरं काही विचारता येत नाही.) इकडे सगळे खुशाल. मी तर इतका खुशाल आहे, की तुमची बहीण म्हणाली, "आता पुरे हो, शेजारचे विचारायला लागलेत." तेव्हा म्हटलं, उरलेली खुशाली पत्रात भरून तुमच्याकडे रवाना करावी. निवांत बसून वाचा. घाईत वाचाल तर माझा विजय तुम्हाला नीट समजणार नाही आणि मला तो पुन्हा लिहावा लागेल. (माझी काही हरकत नाही म्हणा.)

तर दादा, मी घड्याळ घेतलं. साधंसुधं नाही, क्रोनोग्राफ. म्हणजे वेळ दाखवतं आणि हवी तेव्हा मोजूनही देतं. मोठी निळी तबकडी, तिच्या पोटात तीन छोट्या तबकड्या, उजव्या कुशीला चावी, चावीच्या वर एक कळ, खाली एक कळ. आणि फ्रेंच! कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्ही ते वाचाल आणि वाचलं की चुकाल. नावात अक्षरं ढीगभर, पण तोंडातून काढायची जेमतेम चार. (बाकीची काय शोभेला आहेत का, असं तुमच्या बहिणीने विचारलं. मी म्हटलं, घरंदाज लोकांकडे असतंच तसं. काही खुर्च्या बसायच्या, काही नुसत्या दाखवायच्या.) किंमत परवडणारी. हा शब्द मी विचार करून वापरलाय. स्वस्त म्हटलं तर घड्याळाचा अपमान, महाग म्हटलं तर तुमच्या बहिणीशी गाठ.

घेण्याआधी मी चौकशी केली नाही असं समजू नका. माझा सगळा जन्म बारीक अक्षरं वाचण्यात गेलेला. आमच्या छापखान्यात औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापतात आणि छापण्याआधी प्रत्येक लेबल मी वाचतो. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' हे मी जितक्या वेळा वाचलंय, तितक्या वेळा कुणी बाटली हलवली नसेल. त्याच चिकाटीने मी या घड्याळाबद्दल लोकांनी लिहिलेली मतं वाचून काढली. एकाने लिहिलं होतं, या पैशात असा क्रोनोग्राफ दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, ही कंपनी नुसती आजोबांच्या नावावर जगतेय आणि पट्टा ओल्या पुठ्ठ्यासारखा आहे. तिसऱ्याने पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अप्रतिम! अजून हातात आलेलं नाही.' चौथ्याच्या बायकोला तबकडीचा निळा रंग आवडला नव्हता, सबब त्याने एक तारा कापला होता. थोडक्यात, लग्नाच्या मुलाची चौकशी करावी तशी गत. जो तो घराण्याबद्दल बोलतो, मुलगा कसा आहे ते कुणालाच माहीत नसतं. शेवटी पहिल्या माणसावर विश्वास ठेवला आणि घड्याळ मागवलं.

आता थोरले जावई. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही दूर असता, म्हणून तो अलीकडे किती वाढलाय ते सांगतो. दातांचे डॉक्टर असल्यामुळे त्यांना उलट उत्तर ऐकायची सवयच नाही. समोरच्याचं तोंड दिवसभर उघडं असतं खरं, पण त्यात ह्यांचे हात असतात. त्यात आता ते आपल्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष झालेत. त्यांच्याकडे एक स्विस घड्याळ आल्यापासून इमारतीतले लोक घड्याळाबद्दलही त्यांनाच विचारतात. ते कानाशी धरतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. माझं घड्याळ आलं त्या संध्याकाळी जिन्यात गाठ पडली. मी हात पुढे केला. त्यांनी हळहळत मान हलवली. म्हणाले, "फ्रेंच? अरे, फ्रेंचांनी अत्तर करावं, पाव भाजावा. वेळेवर आलेला फ्रेंच माणूस कधी पाहिलायस का?" पुढे असंही म्हणाले, की आतलं यंत्र एका देशाचं, वरचा डबा दुसऱ्या देशाचा, फ्रेंच काय ते नुसतं नाव. (उत्तर मला दोन जिने चढल्यावर सुचलं. माणसाचंही नाक आईचं असतं, आडनाव बापाचं असतं आणि अक्कल कुठून आली ते कुणालाच ठाऊक नसतं; म्हणून माणूस काय नकली ठरतो? पण खाली उतरून सांगणं बरं दिसलं नसतं.)

यावर कडी म्हणजे घड्याळच फितूर झालं. मोठा सेकंदकाटा बाराच्या ठिकाणी ढिम्म उभा. तासकाटा चालतोय, मिनिटकाटा चालतोय, हा मात्र पहारेकऱ्यासारखा ताठ. मी कुणाला बोललो नाही. बोलताना डावा हात सारखा हलवत राहिलो, म्हणजे काटा उभा आहे की पळतोय ते कुणाला कळू नये. छापखान्यात लोक म्हणाले, साहेब हल्ली फार आवेशाने बोलतात. पण डॉक्टरांच्या नजरेतून किडका दात सुटत नाही, तिथे काटा काय सुटणार? त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघावी तसं बघितलं आणि म्हणाले, "गेलं." एवढंच. दुसऱ्या दिवशी इमारतीत जो भेटेल तो 'गेलं म्हणे' असं इतक्या हळव्या सुरात विचारायला लागला, की मला घरी जाऊन सगळी माणसं मोजावीशी वाटली.

मी भडकलो. कंपनीच्या पानावर जाऊन एक तारा ठोकला आणि फ्रेंच जातीचा उद्धार करणारा लांबलचक मजकूर लिहिला. त्यावर कुठल्या तरी अनोळखी भल्या माणसाने एका ओळीचं उत्तर दिलं, 'साहेब, वरची कळ दाबा.' मी छापखान्यात, खोकल्याच्या औषधाचं लेबल समोर ठेवून बसलो होतो. कळ दाबली. टक्! आणि दादा, तो काटा असा सुटला की काय सांगू! तो सेकंदकाटा नव्हताच. तो मोजणीचा काटा. आपण हुकूम दिल्याशिवाय जागचा हलत नाही. रोजचे सेकंद खालच्या छोट्या तबकडीत बिचारे गुपचूप चाललेले असतात. पुन्हा वरची कळ दाबली, थांबला. खालची दाबली, सुर्रकन बारावर जाऊन उभा. मी ओरडलोच. मशीनवरचा माणूस पाण्याचा पेला घेऊन धावत आला. (घड्याळाबरोबर माहितीपुस्तिका आली होती का, असं तुम्ही विचाराल. आली होती. बारीक अक्षरांत होती. दिवसभर तेच करतो मी, घरी आल्यावरही तेच करू?) घरी येऊन पहिल्यांदा डॉक्टरांना काटा पळवून दाखवला. ते म्हणाले, "धक्क्याने सुरू झालं असेल. टिकायचं नाही." बेअब्रू अशी असते दादा. एकदा झाली, की पुराव्याने जात नाही.

आता लिफ्टकडे येतो, कारण अब्रू लिफ्टमधूनच वर आली.

आपल्या इमारतीत नवी लिफ्ट बसवली हे तुम्हाला कळलं असेलच. आपोआप उघडणारी, आपोआप मिटणारी दारं, आत आरसा, गोड आवाजात मजला सांगणारी बाई. पण त्या दारांना भलती घाई. तळमजल्यावर तुमच्या आई पिशवी घेऊन आल्या, पिशवी आत ठेवली, काठी उचलून पाऊल टाकणार तेवढ्यात दारं मिटली आणि पिशवी एकटीच वर निघून गेली. (सातव्या मजल्यावर पोचली. तिथल्या निवृत्त कॅप्टनसाहेबांनी अर्धा तास तिच्याजवळ पहारा दिला, कुणी बेवारस टाकली म्हणून.) पुढच्या वेळी काठी दारात सापडली. तिसऱ्या वेळी खांद्याला दार लागलं. लागलं म्हणजे फार नाही, पण आई घाबरल्या, आणि आई घाबरल्या हे मी पहिल्यांदाच बघितलं. लिफ्टच्या कंपनीचे साहेब आले. हातातल्या पाटीसारख्या पडद्यावर बोट फिरवून म्हणाले, दार आठ सेकंद उघडं राहतं, सगळं बरोबर आहे. मग आईंकडे बघून हसले आणि म्हणाले, "दार बरोबर आहे. आजी हळू चालतात."

दादा, हे कुणाला? ज्या बाईने शाळेत खेळ शिकवण्यात आयुष्य घालवलं, गळ्यात शिट्टी अडकवून पोरींच्या तीन पिढ्या मैदानाभोवती पळवल्या, तिला! त्या दिवसापासून आईंनी पाचव्या मजल्यावरून खाली येणं बंद केलं. संध्याकाळी बागेतल्या बाकावर त्यांची पाच जणींची बैठक असायची, तिथे चौघीच बसायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "कंटाळा आलाय." तुमची बहीण आणि तिची थोरली ताई आळीपाळीने न्यायला गेल्या, तर म्हणाल्या, "मला धरून न्यायला मी काय कपाट आहे?" आणि इकडे अध्यक्षमहाराज (लिफ्टची कंपनी त्यांनीच निवडलेली, म्हणून नाक त्यांचंच कापलं जायचं) सूचना लावायच्या बेतात होते, की वृद्धांनी सोबत घेऊनच लिफ्ट वापरावी. ताईने त्यांना घरात काय ऐकवलं ते मला ठाऊक नाही. पण त्या आठवड्यात डॉक्टर दोन्ही वेळा दवाखान्यातच जेवले.

शेवटी ठरलं, शनिवारी सकाळी सगळ्यांसमक्ष दार मोजायचं. तळमजल्यावर ही गर्दी! बाकावरच्या चौघी खुर्च्या घेऊन पुढे. कॅप्टनसाहेब इस्त्रीच्या शर्टात. आई जिन्याने उतरून आल्या, एकेक पायरी, कुणाचा हात न धरता, आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. साहेब आपला पडदा घेऊन हजर.

आधी फोन निघाले. एकाचा आकडा एक, दुसऱ्याचा दुसरा, आणि तिसऱ्याच्या फोनवर ऐन मोजणीत बायकोचा फोन आला. कुणी दार उघडायला लागल्यापासून मोजलं होतं, कुणी पूर्ण उघडल्यावर. भांडण जुंपलं. साहेब गालात हसत म्हणाले, "असं अंदाजपंचे चालत नाही. मोजायला नीट साधन लागतं." मग डॉक्टर पुढे झाले. स्विस घड्याळ वर धरलं. दादा, त्या घड्याळाचा सेकंदकाटा लोण्यावरून सुरी फिरावी तसा फिरतो, यात शंकाच नाही. पण तो थांबत नाही! डॉक्टरांनी चष्मा काढला, दुसरा लावला, काटा कुठे आहे तो शोधला, तोवर दारं मिटून लिफ्ट चौथ्या मजल्यावर गेलेली. पुन्हा बोलावली. पुन्हा तेच. कॅप्टनसाहेब खोकले.

तेव्हा मी बाही मागे सारली. सावकाश. (तुमची बहीण म्हणते, नाटकी. असेल.) साहेबांनी माझ्या मनगटाकडे नजर टाकली आणि नाक मुरडून विचारलं, "हे कुठलं? खेळण्यातलं दिसतंय. कंपनी कुठली याची?"

सगळी इमारत डॉक्टरांकडे वळली. घड्याळाचा निकाल तेच देतात ना! आणि माझ्या घड्याळाला मूठमाती त्यांनीच दिलेली. ते एक शब्द उच्चारायचा अवकाश, मोजणी रद्द, सूचना भिंतीवर आणि आई पाचव्या मजल्यावर कायमच्या. डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं. मग आईंकडे बघितलं. आई त्यांच्याकडेच बघत होत्या, शिट्टी वाजवण्याआधी बघायच्या तशा. ताईही बघत होती, पण ती वेगळं काहीतरी वाजवण्याच्या बेतात असावी. डॉक्टरांनी घसा साफ केला.

"साहेब, जरा अदबीने बोला," डॉक्टर म्हणाले. "फ्रेंच घड्याळ आहे ते. जुनं घराणं आहे. परवडणारं असलं म्हणून काय झालं? मोजणीच्या घड्याळांत या नावाला मान आहे. या बाबतीत मी स्वतः ग्वाही देतो."

आणि एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी ते नाव उच्चारलं. बरोब्बर चार अक्षरं! म्हणजे उच्चार त्यांना पहिल्यापासून येत होता. दादा, मला वाटलं तिथल्या तिथे त्यांना मिठी मारावी.

दारं उघडली. पूर्ण उघडल्याबरोबर मी कळ दाबली. टक्! त्या शांततेत तो आवाज असा घुमला की विचारू नका. फोनवर बोट दाबलं तर कुणाला कळत नाही, पण या 'टक्'ला न्यायाधीशाच्या हातोडीचं वजन आहे. दारं हलली. टक्! काटा चौथ्या सेकंदाच्या अलीकडे उभा. आठ सोडा, चारसुद्धा पुरे नाहीत! पुन्हा मोजलं, तेच. साहेब म्हणाले, मी स्वतः दाबतो. मी घड्याळ उतरवून दिलं. त्यांनी दाबलं. तेच. बाकावरच्या एका आजींनी मोठ्याने विचारलं, "आता कोण हळू चालतंय हो?"

साहेबांनी मुकाट्याने लिफ्टच्या बाजूचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच पुटपुटले, की कुणीतरी वेळ कमी केलेली दिसतेय. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या. म्हणाल्या, "कुणी केली ते मी विचारलं नाही. वाढवा." त्यांनी वाढवली. मग आई काठी टेकत, मुद्दाम एकेक पाऊल मोजत आत गेल्या, वळल्या आणि सगळ्यांकडे तोंड करून ताठ उभ्या राहिल्या. दार आपलं उघडंच. शेवटी आईच त्याला म्हणाल्या, "अरे, आता मीट की!" ते मिटलं तेव्हा टाळ्या पडल्या. सातव्या मजल्यावरचे कॅप्टनसाहेब, लिफ्ट आपल्याला न घेताच वर गेली हे विसरून, सलाम ठोकत उभे होते.

त्या संध्याकाळी बाकावर पाच जणी होत्या. सूचनेचा कागद डॉक्टरांनी फाडला. ताईकडे आम्ही सगळे जेवलो, डॉक्टरसुद्धा, घरीच. आणि इमारतीत मी आता लेबलवाला राहिलेलो नाही. मला 'फ्रेंच जावई' म्हणतात. आता कुणी कितीही तारे कापोत, या घड्याळाची अब्रू आपल्या इमारतीत तरी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल.

असो. हात दुखायला लागला, मन भरलं नाही. वहिनींना नमस्कार सांगा, मुलांना दात घासायला सांगा (हेही वरून आलेलं). तुमच्या आशीर्वादाच्या लायक झालो असेन तर तो भरघोस पाठवावा.

आपला,
धाकटा (आणि आता फ्रेंच) जावई

ता.क. काल डॉक्टरांनी जिन्यात गाठून, इकडेतिकडे बघून, घड्याळ कुठून मागवलं ते विचारलं. म्हणाले, एका पेशंटला हवंय. पेशंटच्या मनगटाचं माप त्यांना तोंडपाठ होतं.

आणखी ता.क. घड्याळ सध्या माझ्या हातात नाही. दार मोजलं त्याच दिवशी जेवताना आई म्हणाल्या, "बघू जरा," आणि बघताबघता पट्टा त्यांच्या मनगटावर आवळला गेला. शाळेच्या मैदानावर त्यांच्याकडे असंच एक होतं म्हणे. मला जे कळायला अनोळखी माणसाची मदत लागली, ते त्यांना जन्मतःच येत असावं. आता त्या सगळं मोजतात. चहाचं आधण, ताईची आंघोळ, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायला मला लागणारा वेळ. (माझी कामगिरी खालावतेय.) परत मागायची माझी छाती नाही आणि खरं सांगू का, इच्छाही नाही.

शेवटचं ता.क. हे पत्र खरं तर यासाठी. गेल्या रविवारी तुमचा फोन आला, तेव्हा मी आईंच्या शेजारीच बसलो होतो. तुम्ही हॅलो म्हणालात आणि त्यांनी मांडीवरच्या हाताने कळ दाबली. तुम्ही ठेवलात, पुन्हा दाबली. काट्याच्या दोन फेऱ्याही पुऱ्या झाल्या नव्हत्या दादा. तुम्हाला कामं असतात, त्यांनाही ते कळतं. त्या कुरकुरल्या नाहीत. संध्याकाळी बाकावर एकीने विचारलं, "मुलगा किती वेळ बोलला आज?" आईंनी घड्याळ पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "पुष्कळ बोलला. यात कमी दिसतंय, पण याच्यावर जाऊ नका. फ्रेंच आहे, भरवसा नाही." दर रविवारी हेच चालू आहे. डॉक्टरांनी ग्वाही देऊन मिळवलेलं नाव आई तुमच्यासाठी खर्च करताहेत. तेव्हा निदान कंपनीच्या इज्जतीखातर जरा जास्त बोला. बोलायला काही सुचलं नाही तर लिफ्टचं विचारा. मी सांगितलंय हे दाखवू नका. त्या सांगायला लागल्या की 'बरं, मग?' एवढंच म्हणत राहा. ज्या रविवारी त्या कळ दाबायची विसरतील, त्या दिवशी मी तुम्हाला कळवीन.